मदत हवी आहे: सासूबाईंना काशीला न्यायचंय, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत

नमस्कार मंडळी. कार्तिकात सासूबाईंना घेऊन इंदूरहून काशीला जायचं चाललंय. त्यांचं वय ७८, दोन्ही गुडघे झिजलेले. काठी घेऊन सपाटीवर हळूहळू चालतात, पण चार पायऱ्या चढल्या की टेकावंच लागतं. आणि काशीचे घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या! ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना तिथे नेलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

दीर म्हणतात, टूरबरोबर जा, काशी-प्रयाग-अयोध्या एकदमच होऊन जाईल. मला ते पटत नाही. रोज पहाटे सामान बांधून बसमध्ये चढणं आईंना झेपणार नाही, आणि त्यांनी ते मागितलेलंही नाही. त्यांना हवंय विश्वेश्वराचं दर्शन आणि पंचगंगा घाटावर कार्तिकस्नान. त्यांच्या आत्याचं सासर ब्रह्माघाटाकडे होतं. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही तिथली जुनी मराठी वस्ती. लहानपणापासून ही नावं ऐकत आल्यात, पाहिलं मात्र काहीच नाही. राजवाड्यावरून रिक्षा गेली की आजही अहिल्याबाईंच्या पुतळ्याला हात जोडतात. १६६९ मध्ये औरंगजेबाने पाडलेलं देऊळ ज्या बाईंनी १७८० मध्ये पुन्हा उभं केलं, त्या होळकरांच्या गावात सगळा जन्म गेला आणि ते देऊळच पाहायचं राहिलं, हे त्यांच्या मनाला फार लागतं. म्हणून दोन ठिकाणं कमी झाली तरी चालतील, पण ही यात्रा त्यांच्या चालीने व्हावी असं मला मनापासून वाटतं.

उतरावं कुठे, हे आधी सांगा. गोदौलियाच्या पुढे गाड्या जाऊ देत नाहीत म्हणतात, मग देवळापर्यंत व्हीलचेअर मिळते का? पंचगंगेच्या पायऱ्या फार उभ्या आहेत असं ऐकलंय. तिथे नावेतून जाऊन स्नान करता येईल का? इंदूर-पाटणा एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते, पण इतका लांबचा प्रवास बसून-झोपून त्यांना सोसेल की विमानच बघू?

प्रतिसाद

ताई, आम्ही सुदामा नगरातून वडिलांना घेऊन गेलो होतो, त्यांचेही गुडघे असेच. पंचगंगेजवळ उतरू नका. गल्ल्या अरुंद, रिक्षा आत येत नाही, आणि वरून घाटावर उतरायचं म्हणजे मोठी चढउतार. अस्सीच्या बाजूला उतरा, तिथे वाहन घाटाच्या बरंच जवळ जातं. अस्सीहून नाव केलीत तर जवळजवळ सगळे घाट बसल्या जागी दिसतात. दशाश्वमेधाच्या जरा अलीकडे अहिल्याबाई घाट लागतो, तिथे नाव थांबवायला सांगा. पुढे मणिकर्णिका, मग आपल्या ग्वाल्हेरकर शिंद्यांचा घाट, भोसले घाट, आणि नंतर पंचगंगा.

दुसरी वाट राजघाटाकडच्या नमो घाटावरून. त्यालाच पूर्वी खिडकिया घाट म्हणत. तिथे उतार केलेले आहेत आणि पंचगंगाही जवळ पडते. आईंना नावेतून उतरवायचा हट्ट धरू नका. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ राहतो आणि पाय सरकतो. आम्ही नाव घाटाला लावून तांब्याने वडिलांच्या डोक्यावर पाणी घातलं, संकल्प तिथेच सांगितला. त्यांचं पूर्ण समाधान झालं.

देवळात व्हीलचेअर मिळते. सुगम दर्शनाचं तिकीट आधीच काढा, म्हणजे रांगेत ताटकळावं लागत नाही. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बरोबर कोणीतरी बाहेर थांबणारं असू द्या. २०२१ च्या डिसेंबरात खुल्या झालेल्या नव्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. तो आईंना आवर्जून दाखवा.

प्रतिसाद

कार्तिकी पौर्णिमेचे दिवस टाळा. देवदिवाळीला घाटावर मुंगीला शिरायला जागा नसते, नाव आणि खोल्या दोन्ही महाग. त्याआधीचा आठवडा बरा. आणखी उशीर केलात तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. जाताना विमान, येताना रेल्वे असं करून बघा; जाताना आई दमल्या नाहीत तर दर्शन नीट होईल. काशीचे कोतवाल म्हणून काळभैरवालाही जाच म्हणतील, पण तिथली गल्ली चिंचोळी आहे, भल्या सकाळी न्या.

धागाकर्ती

दोघांचे फार आभार. नमो घाटाचं मला माहीतच नव्हतं, आईंना वाचून दाखवलं. पौर्णिमेच्या आधीचेच दिवस बघते. आता एवढं सांगा: नमो घाटावर पहाटे नाव जागेवर मिळते की आदल्या दिवशी ठरवून ठेवावी लागते? आणि परत आल्यावर गंगापूजन करून मावंदं घालायचं आहे, त्यासाठी गंगाजल भरून तोंडाला डाक लावून बंद केलेले तांब्याचे गडू तिथे कुठे चांगले मिळतात? विमानात ते हातातल्या सामानात चालतात का, की त्यासाठी येताना रेल्वेच बरी?