पहिलं हरिण मारलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. इथे कुणी शिकार केलीये का?

सिडकोचा_पोरगा
नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सिडकोत वाढलो, सहा वर्षं झाली अमेरिकेत विस्कॉन्सिनला आहे, सध्या महिनाभर घरी आलोय. आधीच सांगतो, विषय आपल्याकडच्या शिकारीचा नाही, आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे. तिकडे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरिण मारायचा सीझन असतो. लायसन्स काढायचं, त्याआधी हंटर सेफ्टीचा कोर्स, अंगात भडक केशरी जॅकेट, सगळं रीतसर. शेजारचे एक आजोबा तीन वर्षं चल चल म्हणत होते, यंदा गेलो.

अंधारातच झाडाला टेकवलेल्या शिडीच्या मचाणावर जाऊन बसलो. उजाडल्यावर तासाभराने वाळक्या पानांत पावलं वाजली आणि नर आला, दोन्ही शिंगांची मिळून सहा टोकं. रायफल उचलली तर स्कोपमध्ये हरिण वरखाली व्हायला लागलं, हलत ते नव्हतं, माझेच हात हलत होते. कसाबसा खांद्याच्या मागे नेम धरला आणि बार काढला. त्याने एक उंच उडी मारली आणि झाडीत घुसला. आजोबांनी बजावून ठेवलं होतं की अर्धा तास खाली उतरायचं नाही, लगेच मागे गेलं की जखमी जनावर उठून लांब पळतं. त्या अर्ध्या तासात मी काडतुसाची पुंगळी खिशात घालत होतो, काढत होतो, आईला फोन लावावासा वाटला आणि मग तिला सांगणार काय म्हणून फोन परत ठेवला.

पानांवर फेसाळ गुलाबी रक्त होतं, म्हणजे गोळी फुफ्फुसातून गेलेली. साठएक पावलांवर तो पडलेला, डोळे उघडे. हात लावला तर अंग गरम, आणि कानाच्या मागून गोचिडी बाहेर यायला लागलेल्या, अगदी मामाच्या म्हशीला असतात तशा. का कोण जाणे पण त्या गोचिडी बघून मला रडू फुटलं. त्याआधी आनंद झाला होता, खोटं नाही बोलणार, मूठ वळून हवेत उडवली होती मी. दोन्ही एकाच पाच मिनिटांत. आजोबा आले, डोक्यावरची टोपी काढली आणि काही न बोलता उभे राहिले.

तिकडे हरणांना सीडब्ल्यूडी म्हणून मेंदूचा रोग होतो, त्यामुळे डोकं तपासणीला दिलं आणि रिपोर्ट चांगला आल्यावरच मटण खाल्लं, निम्मं वाटलं. आता प्रश्न. आई माळकरी आहे, निवृत्तीनाथांच्या यात्रेला दरवर्षी त्र्यंबकला पायी जाते, आत्ता घरात तीच तयारी चाललीये. तिला यातलं काहीच माहीत नाही, फोटो फोनमध्ये आहे आणि फोन तिच्या हातात गेला की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्यापैकी कुणाला पहिल्या वेळी असं झालं का? आणि घरी सांगितलंत का?

गंगापूर_रोडकर
मला समजत नाही, रडू येतं तर मारायचंच कशाला? दुकानात सगळं मिळतं तिकडे. तुझ्या मनानेच तुला उत्तर दिलंय भाऊ. राग म्हणून नाही लिहीत, पण मी तुझ्या आईच्या बाजूने आहे.

सिडकोचा_पोरगा
दादा, तुमचं चूक म्हणणार नाही. पण चिकन मी लहानपणापासून खातोय आणि एकदाही रडलो नाही, ते कुणीतरी दुसऱ्याने कापलेलं असायचं. हे मी मारलं, मीच साफ केलं, कोपरापर्यंत हात त्याच्या पोटात होते. त्या दिवसापासून पानात तुकडा टाकून उठता येत नाही मला.

देवळालीची_लेक
दादा, मी टेक्सासला असते, माहेर देवळाली कॅम्प. नवऱ्याबरोबर अकरा वर्षं शिकारीला जातेय. तुला जे झालं ते मला पहिल्या हरणाला नाही झालं, तिसऱ्याला झालं, आणि ते जास्त वाईट.

पहिल्या दोघांना नीट गोळी लागली, जागेवर पडले. तिसऱ्या वेळी संध्याकाळ होत आलेली, मी घाई केली आणि गोळी मागे लागली, पोटात. रक्त गडद आणि त्यात हिरवट चारा. असं असेल तर अर्धा तास पुरत नाही, कित्येक तास थांबावं लागतं, मी थांबले, मग रात्री बॅटरी घेऊन माग काढला, सकाळी परत गेलो, पण हरिण मिळालं नाही. कुठेतरी पडून तळमळत मेलं असणार. त्यानंतर दोन सीझन मी बंदूक उचलली नाही, फक्त रेंजवर जाऊन नेम पक्का केला. आता सूर्य कलला की बोटच ट्रिगरवर ठेवत नाही, समोर कितीही मोठा नर येऊ दे. म्हणून तुला सांगते, तुझं हरिण साठ पावलांत गेलं, पहिल्याच वेळी, ही साधी गोष्ट नाही.

अजून एक. इकडे रँचवर आपली काळवीटं आहेत, १९३०च्या दशकात आणून सोडलेली. ती इथली मूळची नाहीत म्हणून त्यांना सीझन नाही, पैसे भरा आणि वर्षभरात कधीही मारा. एका ओळखीच्यांनी मला बोलावलं होतं. कुंपणाच्या आत तो काळा नर बघितला, पिळाची शिंगं, पांढरं पोट, आणि लहानपणी येवल्याकडे एसटीच्या खिडकीतून बाबांनी दाखवलेला कळप आठवला. गाडीतून उतरलेच नाही मी. हे तर्काला धरून नाही हे मलाही कळतं, शेपटी पांढरी असलेलं हरिण चालतं आणि काळवीट नाही. पण नाही जमलं.

आईला सांग. फोटो दाखवू नको, सांग.

माळावरचा_आबा
बाळा, मी ७२ वर्षांचा आहे, आमचं गाव येवला तालुक्यात, राजापूर ममदापूरच्या माळाकडचं. नातवाने हा धागा वाचून दाखवला, मी सांगतो तसं तो टाईप करतोय.

१९७०च्या हिवाळ्यात मी काळवीट मारलं. कायदा यायच्या आधीची गोष्ट. वडिलांकडे बारा बोअरची बंदूक होती, पाटलांचे पाहुणे आले की पारध व्हायची. आम्ही बैलगाडीच्या आडोशाने गेलो कारण गाडीला ती भीत नसत, माणूस पायी दिसला की मैलभर पळत. मी गाडीच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसून बार काढला. नर पडला. माद्या पळाल्या, पण लांब जाऊन थांबल्या आणि सगळ्या वळून बघत राहिल्या. ते मी आजवर विसरलो नाही, कळपातल्या वीसएक माना एकाच दिशेला. काळविटाच्या डोळ्यापुढे एक खाच असते, त्यातून वास येतो, त्या वासाने तो आपली हद्द आखतो. मी जवळ गेलो तेव्हा ती खाच उघडझाप करत होती, श्वास संपत आला तरी. वडिलांनी गाडीची छागळ काढली आणि त्याच्या तोंडात पाणी घातलं. आपल्या माणसाला घालतात तसं. मग मला म्हणाले, आता तू हात लाव.

मटणाचे वाटे झाले, अख्ख्या आळीने खाल्लं. मी नाही खाल्लं त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी खाल्लं.

मग ७२ साल आलं, दुष्काळ, माळावर गवताची काडी नाही, आणि त्याच साली कायदा. हरणं इतकी कमी झाली की वर्षात एखादा कळप दिसला तरी लोक सांगत यायचे. आपणच संपवली, त्यात माझाही एक बार आहे. आता परत वाढलीत, ममदापूरचं रान राखीव झालंय. त्या शिंगांचा मालकी दाखला वडिलांनी काढून ठेवला होता, त्यांच्यानंतर माझ्या नावाने नोंद केली. आता कायद्यात परत द्यायची सोय झाल्यावर मी ती वनखात्याला देऊन टाकली. भिंतीवर त्यांचा पांढरा डाग राहिलाय, रंग देताना मुलाला तेवढा कोपरा सोडायला लावला.

कुणाच्या घरी जुनी शिंगं, कातडं असेल तर इथे फोटो टाकू नका, आधी वनखात्यात जाऊन विचारा. काळवीट त्या कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, दाखल्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं पण गुन्हा आहे.

कांदा_उत्पादक_येवला
आबांच्याच बाजूचा आहे मी, राम राम आबा. शिकार कधी केली नाही आणि करणारही नाही, पण मरण हातात बघितलंय म्हणून लिहितो. उन्हाळ्यात पाण्याला येतात हरणं, कुत्री मागे लागली की बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. दोन वर्षांमागे आमच्या विहिरीत एक मादी पडली. दोर लावून वर काढली, वनखात्याच्या लोकांना फोन केलेलाच होता. मी मांडीवर धरून बसलो, डोळ्यावर उपरणं टाकलं म्हणजे घाबरायला नको. अंगावर एक ओरखडा नाही, पण माझ्या तळव्याखाली काळीज असं धडधडत होतं की मोजता येईना, आणि मग एकदम थांबलं. वनरक्षक म्हणाले भीतीने जातात अशी, धरलं की जातात. वाचवायलाच धरली होती मी. रात्री जेवण गेलं नाही.

आणि हो, हरणं आमचे हरभरे खातात, कोवळे कोंब आख्खे साफ करतात, पंचनाम्याला खेटे घालावे लागतात, त्याचा राग येतोच. पण राग येतो म्हणून ते काळीज विसरलोय असं नाही. विहिरीला कठडा बांधला गेल्या वर्षी, तीन थर विटा.

सिडकोचा_पोरगा
सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष, आणि आबा तुम्हाला नमस्कार.

काल रात्री आईला सांगितलं. ती दशम्यांचं पीठ मळत होती. मी सगळं सांगितलं, आनंद झाला ते पण, रडलो ते पण. तिने हात थांबवला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "तोंडात पाणी घातलंस का रे त्याच्या?" आबा, तुमचं उत्तर मी तेव्हा वाचलंही नव्हतं, आज सकाळी वाचलं आणि अंगावर काटा आला. मी म्हटलं नाही, मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. ती म्हणाली, "तरी घालायचं." एवढंच. मग म्हणाली की परवा पहाटे दिंडीबरोबर निघायचंय, तुझे बूट चालतील का त्र्यंबकपर्यंत.

बूट तेच आहेत, मचाणावर घातलेले. आत्ता धुवून गच्चीत वाळत ठेवलेत.