डॉक्टरांकडे जाताना वही न्यावी का?

सिंहगडरोडकर
बाबा 79 वर्षांचे. गेल्या महिन्यात दोनदा ओपीडीला नेलं आणि दोन्ही वेळा मी एवढंच सांगितलं, "बाबा जरा वेगळंच वागताहेत." उत्तर ठरलेलं, "वयानुसार होतं." तिसऱ्या खेपेला आईच्या दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून नेलं: रविवारपर्यंत पेपरातलं शब्दकोडं स्वतः सोडवायचे. सोमवारी रात्री 11 पासून आईला 'ताई' म्हणताहेत. दहा दिवसांपूर्वी बीपीची गोळी बदलली. सोबत नव्या गोळीचं पाकीटही नेलं. डॉक्टरांनी पाकीट उलटून पाहिलं, "यात लघवी वाढवणारं औषध आहे, त्याने रक्तातलं सोडियम उतरून माणूस गोंधळू शकतो," म्हणाले आणि लगेच सोडियम तपासायला लावलं. 116 निघालं; 135 च्या खाली कमी धरतात. त्याच दिवशी अ‍ॅडमिट.

डॉक्टर तेच, बाबाही तेच. बदललं फक्त माझं सांगणं. म्हणून माझं मत: 'वेगळं वागतात' हे सांगणंच नव्हे. काय, कधीपासून, आधी कसे होते, हे तिन्ही लिहून न्या.

हडपसरचा_जावई
म्हणजे चूक तुमची? दोनदा आलेल्या माणसाला "नवीन काही औषध सुरू केलंय का?" हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा असतो. फी त्याचीच घेतात ना? सासूबाईंच्या वेळी मी वही नेली होती. उघडायच्या आत ऐकवलं, "मग तुम्हीच ट्रीटमेंट ठरवा." आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करायचं?

रात्रपाळीची_सिस्टर
सासूबाईंच्या बाबतीत बोलणाऱ्याचं चुकलंच, त्याची पाठराखण करणार नाही. पण दुसरी बाजूही ऐका. एका पेशंटमागे आम्हाला चार जण तेच विचारतात: मुलगा, सून, मग नाशिकची आत्या फोनवर, मग अमेरिकेतला भाऊ व्हिडिओ कॉलवर. चौघांना सांगण्यात दहा शब्द इकडेतिकडे होतात आणि मग "सिस्टर काहीतरी लपवताहेत". घरातून बोलणारा माणूस एकच ठेवा.

आणि आठ वाजता ड्यूटी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं, चालू असते तेव्हा सलाईनची चौकशी नको हो. पण पेशंट अचानक गुंगीत गेला, धाप लागली, तर ओव्हर मोडून हाक मारा. तिथे भिडेखातर थांबणारेही पाहिलेत. ते जास्त वाईट.

लिहिता न येणाऱ्याने गोळ्यांची पिशवी आणावी, रिकाम्या पाकिटांसकट. निम्मी वही तीच.

हडपसरचा_जावई
पिशवीचं पटलं. 'एकच माणूस' पटलं नाही. आमच्याकडे दिवसा बायको, रात्री मी. राउंड 9 ला होईल की 12 ला, हे कुणी सांगत नाही. मी तर म्हणतो, कागद मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत सोबत्याने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. तोंडी बोलण्यावर भरवसा कशाला?

सिंहगडरोडकर
कागद हवाच, पण 72 तासांनी मिळालेल्या कागदाने आज रात्रीचं इंजेक्शन कळत नाही. मी एक करत होतो. डॉक्टरांचं बोलून झालं की, "म्हणजे पाणी दिवसाला एक लिटरच, आणि ती गोळी बंद. बरोबर?" असं माझ्या शब्दांत म्हणून दाखवायचो. एकदा डॉक्टर म्हणाले, "नाही नाही, एक लिटरमध्ये चहा आणि आमटीसुद्धा धरा." आई तोवर आमटी वेगळी देत होती.

हडपसरचा_जावई
हे बरं आहे, यात आगाऊपणा वाटत नाही. तरी दोनदा परत पाठवलं ते मी डॉक्टरांच्याच खात्यावर लिहिणार. आणि दिवसा-रात्रीच्या माणसांचं काय?

रात्रपाळीची_सिस्टर
वही घरी नेऊ नका. पेशंटच्या उशाशी ठेवा, येणारा वाचेल, जाणारा लिहील.

सिंहगडरोडकर
आमची तशीच होती. एका सिस्टरने पहिलं पान उघडून विचारलं, "रोज दीड लिटर? डॉक्टर तर एकच म्हणाले होते!" तो दुधाचा हिशोब होता.