विकास आराखडा आणि आपली गल्ली: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

नंदनवनची मुक्ता
आमच्या गल्लीतल्या तीन घरांच्या कंपाउंडवर लाल रंगाच्या फुल्या मारून गेलेत. कोणी मारल्या, कशासाठी, काही सांगितलं नाही. समोरच्या काकू विचारून राहिल्या होत्या आणि मला एकदम महालातलं आमचं जुनं घर आठवलं.

बाबांना वर एक खोली काढायची होती. दादाचं लग्न ठरलं होतं. नकाशा मंजुरीला दिला तेव्हा कळलं, की २००० साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात, म्हणजे कुठे रस्ता, कुठे बाग ते ठरवणाऱ्या शहराच्या नकाशात, रस्ता रुंद दाखवलाय आणि ती रेषा आमच्या ओसरीवरून जाते. राजपत्रात छापलं होतं, पेपरात जाहिरात आली होती, सगळं रीतसर. पण आमच्या बोळीतल्या एकाही घराला त्याचा पत्ता नव्हता. राजपत्र कोण वाचतं घरी?

त्यापुढची वर्षं वाईट गेली. रस्ता काही आला नाही. पण वरची खोलीही झाली नाही, गळकं छप्पर नीट करायला कोणी पैसे लावेना, विकायला काढलं तर घेणारा आधी रेषेचंच विचारायचा. बाबा म्हणायचे, "तोडायचं तर तोडा एकदाचं, पण सांगा तरी." आई शेवटपर्यंत त्याच ओसरीत भाजी निवडत बसायची.

आता शहराच्या नव्या आराखड्याची चर्चा आहे. तुमच्या भागात काय झालं, तुम्हाला कसं कळलं, हरकत घेतली का, काय उत्तर मिळालं, सगळं लिहा. लहान असो, मोठं असो.

इतवारीचा व्यापारी
ताई, तुमच्या बाबांचं ते वाक्य आमच्या बाजारात रोज ऐकू येते.

आमचं दुकान पगडीचं, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमचं भाड्याने घेतलेलं. आजोबांनी घेतलेलं. रुंदीकरणात घरमालकाची जागा जाते, त्याला मोबदला नाहीतर टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क) मिळते. आम्हाला काय? आमचा धंदा त्या दहा बाय बाराच्या गाळ्यावर चालते, पण कागदावर जमीन आमची नाही. आणि टीडीआर म्हणजे एक सर्टिफिकेट जी. बिल्डरला विकता येते, बरोबर आहे. पण एवढुशा जागेचं सर्टिफिकेट घ्यायला कोण बिल्डर येणार, आणि आला तरी भाव तोच ठरवणार.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. दिवाळीच्या आठवड्यात आमच्या इकडे ॲम्बुलन्स शिरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण केळीबाग रोडला दुकानं पडली तेव्हापासून आमच्या लाइनीतले लोक नवीन माल भरायलाही घाबरून राहिले. भाडेकरूचं काय करणार ते आराखड्याच्या आधी ठरवा, मग खुणा मारा.

पद्मजा_
आमच्याकडेही फुल्या. हिरव्या रंगाच्या. कशाच्या, देव जाणे.

खामल्याचा सुनील
हिरव्या गॅस पाइपलाइनवाल्यांच्या असू शकतात ताई. एकदा विचारून घ्या, उगाच जिवाला घोर नको.

दिघोरीकर
मले एकच सांगायचं हाय. सिमेंट रोड झाला तवापासून आमचं घर रस्त्याच्या खाली गेलं. आधी दोन पायऱ्या चढून वर जायचो, आता एक उतरून आत येतो. पाऊस आला का सगळं पाणी आंगणात. बुडी रातभर बकेट घेऊन बसते. जुना डांबरी उकरून मग सिमेंट टाकायला पाहिजे होतं नं? वरच्यावर थर टाकत गेले. आराखड्यात रस्त्याची रुंदी लिहितात, उंची काहून नाही लिहित?

वैदर्भी
"उंची काहून नाही लिहित" हा मुद्दा हरकतीत शब्दशः घ्या दादा. आणि आजींना जपा.

अंबाझरी लेआउटमधली एक
दिघोरीकर दादांचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. २०२३ च्या २३ सप्टेंबरची पहाट. पाऊस झोडपून राहिला होता, लाइट गेलेले. मी पाय खाली ठेवला तर पाणी. पाच मिनिटांत पलंगाच्या गादीपर्यंत. तलाव ओव्हरफ्लो झाला होता आणि नाग नदी आमच्या घरातून वाहून राहिली होती. सासूबाईंना आधी टेबलावर, मग शेजारच्यांच्या गच्चीवर नेलं. फ्रिज तरंगतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याचे सगळे सर्टिफिकेट, मुलीचे लहानपणचे फोटो, सगळ्याचा लगदा. सामान परत आलं, पण मुलगी अजून जोराचा पाऊस आला की उठून बसते.

आराखड्याशी संबंध हा, की नदीकाठी पूररेषा असते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम आहे. माझी मागणी एवढीच, की नव्या नकाशावर या दोन्ही रेषा प्रत्येक नाल्यासाठी ठळक दाखवा. फक्त नदीला नको, नाल्यांना पण. आमच्या मागचा नाला किती अरुंद झालाय आणि त्यावर कुठे कुठे स्लॅब पडलाय हे मागच्या लाइनीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. नकाशात मात्र तो जुन्याच रुंदीचा दिसतो.

सीताबर्डी स्मिता
अगं तू तिसऱ्या लाइनीत राहतेस का? माझी मावशी डागा लेआउटला. तिचं पण तळमजल्याचं सगळं गेलं. त्या दिवशी गुरुद्वाऱ्यातून आलेलं जेवण तिला अजून आठवतं.

अंबाझरी लेआउटमधली एक
हो गं, तिसरीच. मावशीला नमस्कार सांग. कशा आहेत आता?

सीताबर्डी स्मिता
बरी आहे. वरच्या मजल्यावर शिफ्ट झाली, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाही फारशी. तुला मेसेज करते.

बेसा-बेलतरोडी
सगळे तुटण्याबद्दल लिहून राहिले, म्हणून थोडी दुसरी बाजू. आमच्या इकडे लोक आराखड्याची वाट पाहतात. फ्लॅट घेतले, शाळा आली, दवाखाने आले, पण ड्रेनेज नाही, उन्हाळ्यात टँकर. पावसाळ्यात मुलांची व्हॅन मेन रोडलाच थांबते, आत येत नाही. मुलं चिखलातून चालत जातात आणि शाळेत जाऊन बूट धुतात. रस्ता नकाशावर आहे, जमिनीवर नाही. आमच्या सोसायटीची हरकत असली तर ती एवढीच, की जे दाखवलं ते करा. मुक्ताताईंच्या बाबांना रेषेचा त्रास झाला, आम्हाला रेषा असून रस्ता नसल्याचा होतो.

नंदनवनची मुक्ता
दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. खरंय, दोन्हीकडे माणूस अधांतरीच राहतो.

मानेवाडा रिंगरोड
१९०० लेआउटवाले (परवानगीशिवाय पडलेल्या लेआउटांच्या यादीतले) कोणी आहेत का इथे? ५७२ वाल्यांचं, म्हणजे आधीच्या यादीतल्यांचं, तरी पुष्कळसं झालं. आम्ही शेतमालकाकडून प्लॉट घेतला, त्या वेळी सगळे असेच घेत होते. गुंठेवारीचा, म्हणजे असे प्लॉट नियमित करायचा, कायदा २००१ ला आला, तेव्हा वाटलं सुटलो. अर्ज भरला, पैशांची डिमांड आली, भरली. मग आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मिळणार तर सांगतात, तुमचा प्लॉट "पब्लिक युटिलिटी"त येतो. नकाशात तिथे शाळेचं आरक्षण. आजूबाजूला सगळी घरं उभी, शाळेला जागाच नाही, पण आरक्षण कायम. आरएल नाही म्हणून बँक लोन देत नाही, लोन नाही म्हणून स्लॅब नाही. सासऱ्यांनी टिनाच्या शेडमध्ये आयुष्य काढलं.

काटोल रोडचे आजोबा
मी नगर रचनेच्या कामात नकाशे काढत आयुष्य घालवलं, आता निवृत्त. थोडं लांबेल, पण कामाचं आहे म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, अख्ख्या शहराचा नकाशा पाहून काही कळत नाही. आपल्या मौजाचा, म्हणजे महसुली गावाचा, भाग नकाशा मागा. त्यात खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचे क्रमांक, असतात. आपल्या विक्रीपत्रावरचा किंवा आखीव पत्रिकेवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहा. पिवळं म्हणजे रहिवासी, निळं व्यापारी, जांभळं औद्योगिक, हिरवं उद्यान, मैदान किंवा शेती. आपल्या खसऱ्यावर आरक्षणाचा क्रमांक आहे का, रस्त्याची दुहेरी रेघ जाते का, एवढं पाहायचं. जागा कोणत्या वापराची ते सांगणारा झोन दाखला वेगळा मागता येतो.

दुसरं, हरकत तोंडी चालत नाही. मुदतीत, लेखी, खसरा क्रमांक टाकून, सोबत छोटा नकाशा जोडून. "आमच्यावर अन्याय होतो" असं लिहिलं की सुनावणीत दोन मिनिटांत बाहेर. "या बोळीची आजची रुंदी इतकी, दाखवलेली इतकी, दोन्ही बाजूंची इतकी घरं जातात, मागच्या गल्लीने रस्ता नेला तर एकही जात नाही", असं लिहिलं तर समितीला विचार करावाच लागतो. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चार तज्ज्ञ असतात. त्यांच्यापुढे प्रत्यक्ष बोलायची संधी मिळते, ती सोडू नका.

मानेवाड्याच्या ताईंसाठी: आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि आरक्षणाची जागा घेतली नाही, तर १९६६ च्या नगर रचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. पण गुंठेवारीत मालकी कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहावं लागेल, शेतमालकाच्या नावावर असेल तर नोटीसही त्याचीच लागते. चांगला वकील गाठा.

मानेवाडा रिंगरोड
आजोबा, हे आम्हाला इतक्या वर्षांत एकाही टेबलवर कोणी सांगितलं नाही. प्रिंट काढून घेते. सातबारा अजून शेतमालकाच्याच नावावर आहे, तो वारला. त्याची मुलं पुण्यात.

इतवारीचा व्यापारी
आजोबा, भाडेकरू हरकत घेऊ शकते का?

काटोल रोडचे आजोबा
हो, कोणीही घेऊ शकतो. मालकच पाहिजे असं नाही. पगडीच्या पावत्या, शॉप ॲक्टचा परवाना जोडा. लाइनीतल्या सगळ्यांनी वेगवेगळ्या द्या. एकाच कागदावर पन्नास सह्या केल्या तर ती एकच हरकत मोजली जाते.

तर्रीपोहे
वेगवेगळ्या द्या, हे फार महत्त्वाचं. 🙏 ग्रुपवर टाकून राहिलो.

धंतोलीतली जुनी रहिवासी
आमच्याकडे कोणी काही तोडलं नाही. शेजारचा बंगला दवाखाना झाला, मग त्याच्या शेजारचा. डॉक्टर गरजेचे आहेत, माझाच बायपास तिथे झाला. पण घरासाठी आखलेल्या प्लॉटवर दिवसाला शेकडो माणसं येतात, त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या? आमच्या फाटकासमोर. गावाहून आलेले नातेवाईक आमच्या पारावर डबा उघडून बसतात. मी त्यांना पाणी देते, चहा देते, त्यांचा काय दोष. वापर बदलायची परवानगी देताना रस्ता तेवढाच राहणार आहे, हे लक्षात घ्यायला हवं. नव्या आराखड्यात दवाखान्यांसाठी शहराच्या चारही दिशांना जागा ठेवा. भंडाऱ्याच्या पेशंटला धंतोलीपर्यंत का यावं लागावं?

रेल्वे कॉलनीतला बंटी
अजनी. आम्ही तिथे वाढलो. प्रकल्पासाठी झाडं जाणार कळलं तेव्हा २०२१ मध्ये कॉलेजची पोरं, रिटायर काका, मॉर्निंग वॉकवाल्या मावश्या सगळे उभे राहिले. झाडं मोजली, पक्ष्यांची यादी केली. तेव्हा समजलं की नकाशात "रिकामी जागा" म्हणून असते तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची कडुलिंबं असतात. भाग नकाशावर झाडं का दाखवत नाहीत?

वैदर्भी
भरत वनातली झाडं वाचवायला पण लोक असेच उभे राहिले होते. मी मुलाला घेऊन जायचे. मे महिन्यात तिथे शिरलं की अंगाची काहिली थांबायची. पंचेचाळीसच्या वर पारा जाणाऱ्या गावात सावली ही पाण्याइतकीच मूलभूत आहे.

पद्मजा_
गॅसवालेच निघाले. धन्यवाद सुनीलदादा.

भरतवाड्याची सून
आमच्याकडे टीपी स्कीम. पारडी, भरतवाडा, पुनापूर सगळं त्यात. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या, उरलेलं परत वाटायचं. कागदावर छान. पण आमचं घर नवीन रस्त्याच्या मधोमध. बदल्यात प्लॉट मिळतो, पण प्लॉटवर चूल पेटत नाही. घर परत बांधायचे पैसे कुठून आणायचे? सासऱ्यांनी गवंडी नाही लावला, स्वतः विटा रचल्या होत्या. अजून भांडून राहिलो आम्ही.

बेसा-बेलतरोडी
वहिनी, बांधकामाचा वेगळा मोबदला मागितला का? आजोबा, टीपी स्कीममध्ये त्यासाठी काही असते का?

काटोल रोडचे आजोबा
असते. लवादासमोर घराचं मूल्यांकन वेगळं मांडावं लागतं. बांधकामाचं वर्ष, घरटॅक्सच्या पावत्या, लाइटबिलं, फोटो. जुन्यात जुनी पावती शोधा.

महालातला गणू
यंदा मारबतीच्या मिरवणुकीत रुंदीकरणाचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढा राजेहो! घेऊन जा गे मारबत! आमच्या गल्लीतून काळी-पिवळी मारबत जाते तेव्हा दोन्हीकडच्या गॅलऱ्या भरून जातात. रस्ता रुंद झाल्यावर गॅलऱ्या राहतील का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या आजीची जागा तिथेच ठरलेली होती.

शाळेची बाई
आमच्या मैदानाचं सांगते. लेआउटमधली खुली जागा, पोरं क्रिकेट खेळायची. कळलं की तिथे वापर बदलून बांधकाम होणार, फेरबदलाची सूचना निघाली होती. पेपरात बारीक अक्षरात होती, एका आजोबांनी चष्मा लावून वाचली म्हणून कळलं. आम्ही बायकांनी हळदीकुंकवालाच हरकती लिहायला घेतल्या. प्रत्येकीने स्वतःच्या अक्षरात. कोणी लिहिलं, माझा मुलगा इथे सायकल शिकला. कोणी लिहिलं, आमच्या घरातलं लग्न इथेच लागलं. मी मंजूर लेआउटचा नकाशा जोडला, त्यावर ती जागा स्पष्ट "खुली जागा" होती. सुनावणीला लेकरांसकट गेलो. जागा राहिली. आता तिथे संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही.

नंदनवनची मुक्ता
ताई, तो हरकतीचा मजकूर असेल तर टाकाल का? आमच्या काकूंना लिहायला धीर येत नाही.

शाळेची बाई
रात्री टाकते, आता पोळ्या करून राहिले. काकूंना सांगा, साध्या मराठीत लिहा, दोन प्रती करा आणि दुसरीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

दिघोरीकर
बाई, माह्या बुडीचं पण लिहून द्याल का? मी खसरा नंबर पाठवतो.

शाळेची बाई
पाठवा दादा. रस्त्याची उंची आणि तुमच्या उंबरठ्याची उंची टेपने मोजून तीही पाठवा, फोटोसकट.