स्वतःला इजा करून घेणाऱ्या रुग्णाशी अपघात विभागात कसे वागावे?

प्रश्न (परिचारिका, ग्रामीण रुग्णालय):
बारावीतली एक मुलगी हातावर जखमा घेऊन आमच्याकडे वरचेवर येते. "नाटक करते" म्हणून तिला ताटकळत ठेवले जाते आणि टाके घालताना "दुखू दे, म्हणजे परत येणार नाही" असे तिच्यादेखत बोलले जाते. मला हे अजिबात पटत नाही. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी असताना आपल्या हाती काय उरते? आत्महत्येबद्दल थेट विचारले, तर नसलेला विचार तिच्या मनात येईल का?

उत्तर (मानसोपचारतज्ज्ञ):
सिस्टर, विचारल्याने तो विचार मनात येत नाही. आईला थोडा वेळ बाहेर बसवून, पडदा ओढून, तिच्याजवळ स्टुलावर बसून "हे करताना जगणे संपवावेसे वाटत होते का?" असे शांतपणे विचारा. पुष्कळदा मरण्याची इच्छा नसते, असह्य घालमेल घटकाभर शमावी एवढ्यासाठीच हे घडते. तरीही अशा रुग्णांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून दर खेपेला नव्याने विचारावे लागते. धोका मोजणारे गुणांचे तक्ते भरून कोण पुढे काय करील हे ठरवू नये, असे उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२च्या सूचना स्पष्ट सांगतात. आणि भूल इतर कोणत्याही जखमेला देतो तशीच द्यायची. ती नाकारणे ही निव्वळ शिक्षा आहे, आणि त्या शिक्षेच्या धास्तीने पुढच्या वेळी मुलगी जखम लपवील.

उत्तर (वैद्यकीय समाजसेविका):
घरी पाठवण्यापूर्वी तिच्याबरोबर बसून तिच्याच शब्दांत लिहून घ्या: घालमेल वाढू लागल्याचे तिला कशावरून कळते, तेव्हा ती काय करू शकते, कोणाला फोन करील. घरातली धोक्याची साधने आणि औषधे आईच्या ताब्यात राहू द्या. त्याच कागदावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा. तो विनामूल्य असून चोवीस तास चालतो. पोलिसांच्या भीतीने नातेवाईक "पडली" असे सांगतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ गृहीत धरते आणि त्यामुळे सहसा तिला शिक्षा होत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. तिने "आईला सांगू नका" म्हटले तर?

उत्तर (मानसोपचारतज्ज्ञ):
जिवाला धोका असेल तर सांगावेच लागेल, हे तिला आधीच स्पष्ट करा. मात्र काय सांगायचे आणि कोणी, हे तिच्याशी बोलून ठरवा. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देताना तारीख तुम्हीच फोनवरून ठरवून द्या.