कुणी राहायला जागा दिली, कुणी जेवू घातलं: समाजसुधारकांच्या शाळा-वसतिगृहांचे अनुभव

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. जूनमध्ये शाहू जयंती, सप्टेंबरमध्ये कर्मवीर जयंती, जानेवारीत सावित्रीबाईंची. तसबिरीला हार, मुलांची भाषणं, शेवटी खाऊ. हे सगळं व्हावंच. पण या माणसांचा विचार भाषणातून मुलांपर्यंत फार थोडा पोचतो, असं मला वाटत आलंय. राहायला खोली मिळते, पंगतीत शेजारी कोण बसलंय ते दिसतं, फी माफ झाल्याची चिठ्ठी हातात येते, तेव्हा तो खरा आत जातो. ज्यांच्या वाट्याला हे आलं त्यांनी इथे लिहावं. स्वतःचं नसेल तर आई-वडिलांचं, आजीचं लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

सुरुवात मीच करते. आमचे आजोबा गडहिंग्लजकडचे. गावात चौथीपर्यंत शाळा, पुढे शिकायचं तर कोल्हापूर. पण शहरात राहणार कुठे? ज्यांचे नातेवाईक तिथे नोकरीपेशात होते त्यांची मुलं त्यांच्याकडे उतरायची. कुणब्याच्या पोराला असं घर नव्हतं. शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली होती. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, पण त्या जागांवर बसायला शिकलेली मुलं हवीत आणि मुलं शिकायला शहरात टिकली पाहिजेत. त्यासाठी १९०१ पासूनच एकेक बोर्डिंग उभं राहत होतं. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. आजोबांना महाराजांविषयी विचारलं की ते कायद्यावर बोलत नसत, बोर्डिंगातल्या कंदिलाविषयी बोलत. एका कंदिलाभोवती वेगवेगळ्या गावांची मुलं वाचत बसायची. घरी रॉकेल नव्हतं, त्यामुळे रात्री वाचता येतं हेच त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं.

सातारा, निवृत्त बँक कर्मचारी

ताई, तुम्ही पंगतीचं लिहिलंत म्हणून मला लिहावंसं वाटलं. मी माण तालुक्यातला. १९६३ साली आठवीला रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात आलो. संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील, आमचे अण्णा, १९५९ च्या मे महिन्यात गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. पण आमचे रेक्टर त्यांच्या हाताखाली वाढलेले होते. बोलता बोलता "अण्णांनी सांगितलंय" असं यायचंच.

पहाटे उठायचं, व्यायाम, मग काम. खुरपणी, बागेला पाणी, बांधकाम चालू असेल तर विटा वाहायच्या. भाकरी थापायच्या पाळ्या, झाडलोटीच्या पाळ्या, संडास धुवायच्या पाळ्या. पाळीतून कुणी सुटत नसे. पाटलाचा मुलगा असला तरी नाही आणि वसुली अधिकाऱ्याचा असला तरी नाही. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे भिंतीवर लिहिलेलं होतं, पण मला ते हाताच्या फोडांवरून समजलं.

एकदा माझी आई भेटायला आली. सोबत बाजरीचं पोतं. दुपारी तिला पंगतीत बसवलं. आमटी वाढणाऱ्या मुलाला तिने सहज विचारलं, कुठला रे बाळा, आडनाव काय? त्याने सांगितलं. आई थांबली. ताट समोर, हात मांडीवर. मी मान खाली घालून बसलो होतो. थोड्या वेळाने तिने भाकरी मोडली आणि जेवली. घरी जाताना एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या सुगीला तिने शेंगांच्या दोन पिशव्या दिल्या आणि दुसरी कुणाची ते सांगितलं. तो मित्र पुढे तलाठी झाला. आमच्या लग्नांत एकमेकांची घरं पहिल्या पंगतीला असायची.

अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. अण्णा बाहेरगावी, बोर्डिंगात दाणा नाही, आणि त्या माउलीने मंगळसूत्र मोडून मुलांच्या पोटाची सोय केली. त्या १९३० मध्येच वारल्या. ताई, तुमच्या कोल्हापूरचा यात मोठा वाटा आहे. विद्यार्थिदशेत अण्णा तिथल्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या उद्घाटनाला गेले म्हणून वाद झाला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकाच छपराखाली आणलं. त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते दिलं गेलं. ज्याला एका बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं, त्याने असं बोर्डिंग काढलं की तिथून जातीपायी कुणाला निघावं लागू नये. मला या माणसाविषयी जे वाटतं ते सगळं यात आलं.

ठाणे, मूळ गाव दापोलीजवळ

माझी आजी लहानपणीच विधवा झाली. त्या काळी आमच्याकडे अशा मुलीचे केस काढत आणि तिला माजघराच्या अंधारात टाकत. तिच्या भावाने हट्ट धरून तिला पुण्याजवळ हिंगण्याला, कर्व्यांच्या आश्रमात नेऊन पोचवलं. ही १९३० नंतरची गोष्ट. तेव्हा अण्णासाहेब कर्वे सत्तरी ओलांडलेले होते. पूर्वी ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचे, हे आजीला तिथल्या थोरल्या बायकांनी सांगितलेलं. ती ते स्वतः पाहिल्यासारखं आम्हाला सांगायची.

पार्वतीबाई आठवले हा तिचा आवडता विषय. स्वतः विधवा, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरलेल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेलेल्या. "इंग्रजी येत नसताना गेली गो ती," असं आजी म्हणायची आणि तिचे डोळे चमकायचे.

आजी पुढे प्राथमिक शिक्षिका झाली, रत्नागिरी जिल्ह्यात बदल्यांवर फिरली. पगार झाला की हिंगण्याला छोटी मनीऑर्डर ठरलेली. आम्हा नातींची लग्नं ठरत तेव्हा ती मुलाकडच्यांविषयी काही विचारत नसे. आम्हालाच विचारायची, तुझ्या हातात काय आहे? म्हणजे कोणतं शिक्षण, कोणतं काम. माझी चुलत बहीण तेव्हा बारावीवर थांबली होती. आजीने लग्न दोन वर्षं पुढे ढकलायला लावलं आणि तिला डी.एड. करायला लावलं. घरात बरीच धुसफूस झाली. आजी मागे हटली नाही.

संभाजीनगर, निवृत्त प्राध्यापक

मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड मजुराचा मुलगा. १९६८ मध्ये मिलिंद महाविद्यालयात आलो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, आणि १९५० मध्ये इथे हे महाविद्यालय. मुंबईत काम उभं असताना त्यांनी हा मागास भाग निवडला, याचं महत्त्व मला स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

मिलिंद या राजाने भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारले. राजाचं नाव महाविद्यालयाला, भिक्षूचं परिसराला. आमचे एक सर पहिल्याच तासाला हे सांगायचे आणि म्हणायचे, इथे राजा तो, जो प्रश्न विचारेल. गावात मास्तरांपुढे मान वर करायची माझी हिंमत नव्हती. इथे प्रश्न न विचारणाऱ्याला उभं केलं जायचं.

शिष्यवृत्ती उशिरा यायची. मेसवाला वहीत नाव लिहून घ्यायचा आणि जेवू घालायचा. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायच्या कामावर होते आणि मी वसतिगृहात परीक्षेचा अभ्यास करत होतो. मन फार खायचं. एका सरांना हे बोललो. ते म्हणाले, तू आत्ता गेलास तर कामावर एक माणूस वाढेल, शिकलास तर तुमच्या घरातून खडी फोडणं संपेल. तसंच झालं. माझ्या मुलांनी हातोडी पाहिली ती माळ्यावर ठेवलेली.

नाशिक, पालक

सगळे छान लिहितायत, पण आजच्या शाळांचं काय? माझ्या मुलीला गेल्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण होतं. मोबाइलवरून उतरवलेलं, तिला त्यातली निम्मी वाक्यं कळत नव्हती. बक्षीस मिळालं. सावित्रीबाई मात्र भेटल्या नाहीत.

लातूर जिल्हा, मराठीची शिक्षिका

दादा, तुमची तक्रार अगदी बरोबर आहे. आम्ही दोन वर्षांपासून नववीत भाषण बंद करून वाचन ठेवलंय. मुक्ता साळवेचा निबंध वाचतो. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मातंग समाजाची मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती विचारते, धर्माचं पुस्तक आम्हाला पाहूही देत नाहीत, मग आमचा धर्म कोणता? आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, पावसाथंडीत त्यांचे किती हाल होतात, तेही लिहिते.

वाचून झालं की मी काही समजावत नाही. मुलींना लिहायला सांगते: तुम्हाला कुणाला काय विचारायचंय? पहिल्या वर्षी एकीने लिहिलं, पाळीच्या दिवसांत शाळेत पाणी का नसतं? तो कागद मी मुख्याध्यापकांपुढे ठेवला. महिन्याभरात टाकी बसली. भिडे वाड्यात १८४८ मध्ये शाळा सुरू झाली ती मुलींनी असे प्रश्न विचारावेत म्हणूनच, असं मी मानते. निबंध मिळवून घरी वाचा, मुलीला मोठ्याने वाचायला लावा.

डहाणू तालुका, जिल्हा परिषद शाळा

आम्ही वारली. माझी आई कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडीत जात होती. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आलं. आई सांगते, बाई पाड्यावर यायच्या, आधी मुलांचे हातपाय धुवायच्या, केस विंचरायच्या, मग गाणी. महागडी साधनं नव्हती. शिंपले, बिया, पानं, खडे, त्यावरच मोजणं. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही, म्हणून शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा.

मी आज पहिलीला तेच करते. मुलं घरी वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. मी पहिले काही महिने त्यांच्याच बोलीत बोलते, बिया मोजायला देते. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? मी म्हटलं, आईकडून.

पुणे, एम.ए. भाग दोन

मी विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाच्या कमवा व शिका योजनेत आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावते, तासाप्रमाणे पैसे मिळतात. त्यातून मेस भागते. घरून मागावं लागत नाही, त्यामुळे लग्नाचा विषय निघाला तर मी शांतपणे नाही म्हणू शकते. ठाण्याच्या ताईंच्या आजीचा प्रश्न मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

साताऱ्याच्या काकांना विचारायचं होतं. कामाने थकल्यावर अभ्यास कसा व्हायचा? मला रात्री वाचताना फार झोप येते.

सातारा, निवृत्त बँक कर्मचारी

पोरी, आम्हालाही यायची. रात्रीचा अभ्यास दहालाच बंद असायचा, पहाटे चारला उठवायचे. अवघड विषय पहाटेला, पाठांतर काम करताना. मी पाटाला पाणी धरून संस्कृतची रूपं म्हणायचो. तू पुस्तकं लावताना वाचायला घेतलेल्या पुस्तकांची सूची मनात म्हणून बघ. आणि मेसमध्ये दूध मिळत असेल तर पैसे वाचवायला ते बंद करू नकोस.