रिॲक्ट नेटिव्ह: अँड्रॉइडवर वेलांट्या कापल्या जातात, आयओएसवर सावली गायब. प्लॅटफॉर्मनुसार फरक कुठे आणि किती ठेवायचा?

गोदाकाठ_डेव्ह (नाशिक)
लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि नाशिक बाजार समितीचे रोजचे भाव दाखवणारं ॲप आहे. रिॲक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएसचं ॲप बनवणारं फ्रेमवर्क) ०.७९, त्याचं नवं आर्किटेक्चर चालू. प्रत्येक शेतमालाचं एक कार्ड, त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. अडचणी अशा:

१) अँड्रॉइडवर ‘सर्वसाधारण’मधला रफार आणि ‘दिंडोरी’ची वेलांटी वरून कापली जाते. फॉन्टसाईज १८, लाईनहाईट (ओळीची उंची) २०, इन्क्लुडफॉन्टपॅडिंग फॉल्स. आयओएसवर त्यामानाने बरं दिसतं.
२) मुक्ता फॉन्ट लावलाय. आयओएसवर ठळक मथळे नीट, अँड्रॉइडवर फॉन्टच बदललेला दिसतो.
३) कार्डाला बॉर्डररेडियस (कोपऱ्यांची गोलाई) १२ आणि ओव्हरफ्लो हिडन दिल्यापासून आयओएसवरची सावली गेली.
४) टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे नियम पाळतं तो आकडा) ३५ केल्यावर अँड्रॉइड १५ वर हेडर वर सरकून स्टेटसबारमागे झाकलं गेलं.

प्रत्येक ठिकाणी प्लॅटफॉर्म.ओएस (फोन अँड्रॉइड की आयओएस) तपासून ठिगळं लावली, आता अशी चाळीसेक ठिकाणं झालीत. ग्राहकाचा हट्ट आहे की दोन्हीकडे ‘सेम टू सेम’ दिसलं पाहिजे. कुठवर ऐकायचं?

शिरोरेखा
(प्रॉपर्टींची नावं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये नेहमीच्या इंग्रजी कॅमलकेसमध्ये घ्या.)

पहिली अडचण प्लॅटफॉर्मची कमी आणि आकड्यांची जास्त आहे. १८ ला २० लाईनहाईट इंग्रजीत खपून जाते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. दोन्हीकडे जागा लागते. लाईनहाईट फॉन्टसाईजच्या दीडपट धरा, म्हणजे १८ ला २७. इन्क्लुडफॉन्टपॅडिंग ही फक्त अँड्रॉइडची प्रॉपर्टी. ती फॉल्स केली की फॉन्टने वर-खाली राखलेली जास्तीची जागा जाते. इंग्रजी आकडे बटणात बरोबर मध्यभागी बसावेत म्हणून लोक ती लावतात आणि तीच ओळ मराठी मजकुरावर चिकटवतात. मराठीसाठी ती काढून टाका, मूळ किंमत ट्रूच असते. आयओएसवर आज बरं दिसतंय त्यावर विसंबू नका, लाईनहाईट फॉन्टच्या नैसर्गिक उंचीपेक्षा कमी झाली की तिथेही वरचा भाग कापला जातो.

तपासायला ‘कांदा’ हा शब्द उपयोगाचा नाही, त्यात फारसं काही वर जात नाही. ‘निर्यातींत ट्रॅक्टर द्रू कृ’ अशी निरर्थक ओळ ठेवा. ही न कापता दिसली तर बाकीचं सगळं दिसेल. मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सर्वांत मोठी करून पुन्हा बघा. कार्डाला हाईट दिली असेल तर मिनहाईट (किमान उंची) करा, नाहीतर दराची ओळच खाली गडप होते. बाजार समितीचे भाव बघणारे अनेक जण मोठी अक्षरं लावूनच फोन वापरतात, त्यामुळे अलाऊफॉन्टस्केलिंग (सेटिंगप्रमाणे अक्षरं वाढू देणारी प्रॉपर्टी) बंद करून पळवाट काढू नका. फारच तर मॅक्सफॉन्टसाईजमल्टिप्लायर १.५ ठेवा, म्हणजे वाढ दीडपटीवर थांबेल.

आणखी दोन गोष्टी. मराठी मजकुराला लेटरस्पेसिंग देऊ नका, शिरोरेखा तुटते. आणि मटेरियलच्या (गूगलची डिझाइन पद्धत) जुन्या बटणांसारखं सगळं कॅपिटल करून उठाव आणायची युक्ती आपल्या लिपीत चालत नाही. उठाव हवा तर जाडी वाढवा.

दुसरी अडचण: फॉन्टफॅमिली ‘मुक्ता-बोल्ड’ आणि सोबत फॉन्टवेट बोल्ड, असं दोन्ही दिलंय ना? अँड्रॉइड मग नावाच्या शेवटी अंडरस्कोर-बोल्ड जोडलेली फाईल शोधतं. ती नसते, म्हणून सिस्टिमचा फॉन्ट येतो. वेट काढा आणि रेग्युलर, बोल्ड या फॅमिली वेगवेगळ्या नावांनी वापरा. अँड्रॉइड फाईलचं नाव बघतं, आयओएस पोस्टस्क्रिप्ट नाव (फॉन्टच्या आत नोंदलेलं नाव) बघतं. फाईलला पोस्टस्क्रिप्ट नावच दिलं की तिथे प्लॅटफॉर्मची अट लिहायची गरज उरत नाही.

मिसळ_पाव_बग
सावलीचं सांगतो. आयओएसवर ओव्हरफ्लो हिडन म्हणजे चौकटीबाहेरचं सगळं कापणं, आणि सावली चौकटीबाहेरच असते. दोन व्ह्यू करा. बाहेरच्याला सावली, पार्श्वरंग आणि रेडियस १२. आतल्याला रेडियस १२ आणि ओव्हरफ्लो हिडन.

अँड्रॉइडवर सावलीसाठी एलेव्हेशन (घटकाला उंची देणारी प्रॉपर्टी) वापरत असाल तर पार्श्वरंग हवाच, नाहीतर सावली पडत नाही. रंग अर्धपारदर्शक असेल तर सावली आतून डोकावते आणि कार्ड मळकट दिसतं. एलेव्हेशनमुळे थरांचा क्रमही बदलतो, त्यामुळे ४ वालं कार्ड २ वाल्या बॅजवर चढून बसतं. ०.७६ पासून नव्या आर्किटेक्चरमध्ये सावलीसाठी बॉक्सशॅडो आहे, तो दोन्हीकडे चालतो. अँड्रॉइडवर मात्र बाहेरची सावली अँड्रॉइड ९ पासून पुढे, आतली १० पासून.

माझं मत विचाराल तर सावली काढा. भर उन्हात, लिलावाच्या आवारात स्वस्त स्क्रीनवर ती दिसतच नाही. एक पॉइंटची करडी किनार दोन्हीकडे सारखी दिसते आणि या भानगडी संपतात.

पंचवटी_पिक्सेल
चौथ्याबद्दल: टार्गेट ३५ असलं की अँड्रॉइड १५ वर ॲप काठापासून काठापर्यंत पसरतं. त्यातून सूट घेणारी थीममधली ओळ आहे, पण टार्गेट ३६ झालं की अँड्रॉइड १६ ती जुमानत नाही. आत्ताच इन्सेट (स्टेटसबार आणि नेव्हिगेशनबारसाठी सोडायची जागा) घ्या. रिॲक्ट नेटिव्हमधला अंगचा सेफएरियाव्ह्यू फक्त आयओएससाठी होता आणि ०.८१ पासून तो डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये असा) आहे. सेफ-एरिया-कॉन्टेक्स्ट लायब्ररीतला यूजसेफएरियाइन्सेट्स वापरा आणि हेडरला वरचा, तळाच्या बटणांना खालचा इन्सेट पॅडिंग म्हणून द्या. खालचा विसरलात तर तीन बटणांचा नेव्हिगेशनबार ‘जतन करा’वर येतो.

‘सेम टू सेम’बद्दल ग्राहकाला दोन याद्या द्या. रंग, फॉन्ट, कार्ड, आयकॉन, अंतरं सारखी. मागे जाण्याची पद्धत, हेडरच्या शीर्षकाची जागा, तारीख निवडणं, दाबल्यावरचा प्रतिसाद हे त्या त्या फोनचं. अँड्रॉइडवर रिपल (तरंग) येतो, आयओएसवर फिकं होतं. ते जबरदस्तीने एक केलं तर दोन्हीकडचे लोक चाचपडतात. बटणाची दाबायची जागा आयओएसवर किमान ४४ पॉइंट, अँड्रॉइडवर ४८ डीपी सांगितलीय. सगळीकडे ४८ ठेवा, वाद मिटला.

ती चाळीस ठिकाणं उपटा. आकड्यांचे फरक थीमच्या एकाच फाईलमध्ये प्लॅटफॉर्म.सिलेक्टने (प्लॅटफॉर्मनुसार किंमत निवडणारं फंक्शन) ठेवा. ज्याची रचनाच वेगळी आहे त्याच्या दोन फाईली करा, एकीच्या नावात .आयओएस आणि दुसरीच्या नावात .अँड्रॉइड, इम्पोर्ट करताना तो तुकडा लिहायचा नाही. मात्र रिॲक्ट नेटिव्हचा जेस्ट (चाचण्या चालवणारं साधन) प्रीसेट मुळात आयओएसची फाईल उचलतो. चाचण्या हिरव्या दिसतात आणि अँड्रॉइडची फाईल कधी उघडलेलीही नसते.

गोदाकाठ_डेव्ह
वेट काढल्यावर मुक्ता आला, २७ केल्यावर रफारही दिसला. सावली काढून किनार लावतोय. आता तारखेचं: कम्युनिटीचा डेटटाईमपिकर (तारीख निवडायचा घटक) अँड्रॉइडवर ‘रद्द’ केलं की पुन्हा उघडतो. आणि महिने मराठीत हवेत.

पंचवटी_पिक्सेल
अँड्रॉइडवर तो डायलॉग आहे, आयओएसवर पडद्यातला घटक. इव्हेंटचा प्रकार ‘डिसमिस्ड’ आला तरी दाखवायची स्टेट (पिकर उघडा की बंद ते ठेवणारी किंमत) फॉल्स करायला हवी, आणि तीही तारीख सेट करण्याच्या आधी. त्यापेक्षा अँड्रॉइडच्या फाईलमध्ये डेटटाईमपिकरअँड्रॉइड.ओपन वापरा, तिथे स्टेटच लागत नाही. आयओएसच्या फाईलमध्ये डिस्प्ले ‘इनलाईन’. लोकेल (भाषा ठरवणारी) प्रॉपर्टी फक्त आयओएसला लागू होते. अँड्रॉइडवर फोनची भाषा इंग्रजी असेल तर महिने इंग्रजीतच येणार, ते ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.