आईच्या गोल डायलच्या फोनचे पार्ट बदलले, आता नंबर लागत नाही आणि बेल एकदाच वाजते

सातारची_लेक

नमस्कार मंडळी. आईकडे साताऱ्याला १९८६ पासून एकच फोन आहे. बंगळूरच्या आयटीआयचा, काळा, गोल डायलचा. आई ८३ वर्षांची आहे. काचबिंदूमुळे मोबाइलच्या पडद्यावरचं तिला काही दिसत नाही, पण या डायलची भोकं ती बोटाने मोजते. बोट अडतं त्या पट्टीच्या वरचं पहिलं भोक एक, खालचं पहिलं शून्य. पाठ आहे तिला. म्हणून हाच फोन चालू हवा, शोभेला नकोय.

मार्चमध्ये तांब्याची लाइन जाऊन फायबर आली. त्या आठवड्यापासून तिला बाहेर नंबर लावता येईना. आत येणारे फोन मात्र नीट येत होते. मला वाटलं, जुनं यंत्र आहे, झिजलं असेल. एका रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडून आतला कंडेन्सर बदलून घेतला, चोर बाजारातून दुसरी डायल आणून बसवली, रिसीव्हरची कुरळी वायरही नवी टाकली.

आता रिसीव्हर उचलला की डायल टोन स्वच्छ येतो. डायल फिरवली की ती परत येईपर्यंत कानात शांत, आणि मग पुन्हा तोच टोन, जणू काही फिरवलंच नाही. वर हे नवीन दुखणं: मी ठाण्याहून फोन केला की तिकडे बेल एकदाच वाजते आणि गप्प होते. माझ्याकडे कोणीतरी उचलल्यासारखं होतं, पण आवाज नाही. आई म्हणते, रिसीव्हर जागेवरच आहे. परवा सहा वेळा असं झालं, शेवटी शेजारच्या काकूंना बघायला पाठवलं. फार जीव टांगणीला लागतो हो. नेमकं काय चुकलंय?

जुनी_एक्स्चेंज

ताई, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालोय, अशा फोनांवरच आयुष्य गेलं. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकत्र करू नका.

आधी बेलचं. नवीन कंडेन्सरचा फोटो टाका. त्यावर एका बाजूला वजा चिन्हांची पट्टी आहे का? असेल तर तो इलेक्ट्रोलिटिक आहे, म्हणजे प्लस-मायनस बघूनच जोडायचा, आणि तो इथे चालत नाही. लाइनवर ४८ व्होल्ट डीसी कायम असतो, घंटीच्या वेळी त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. कंडेन्सरचं काम डीसी अडवायचं आणि एसी बेलच्या कॉइलकडे जाऊ द्यायचं. इलेक्ट्रोलिटिक उलट्या दिशेने गळतो. गळला की डीसी वाहतो, आणि पलीकडच्याला वाटतं रिसीव्हर उचलला. म्हणून एक ट्रिंग आणि शांत.

२.२ मायक्रोफॅराड, २५० व्होल्टचा पॉलिएस्टर फिल्मचा घ्या. त्याला प्लस-मायनस नसतो. जुना टाकून दिला नसेल तर तोच परत लावा, आधी बेल नीट वाजत होती म्हणजे तो चांगलाच होता. डाग देताना लाइन भिंतीतून काढून ठेवा, कामात असताना घंटी आली तर चांगला झटका बसतो.

आता डायल. ५ फिरवा आणि सोडताना बोट भोकातच ठेवून अगदी हळूहळू परत येऊ द्या. लाइनला मीटर लावलेला असू द्या, काट्याचा असला तर उत्तम. रिसीव्हर उचललेला असताना ८-१० व्होल्ट दिसतील. डायल परत येताना काटा पाच वेळा ४८ कडे उडाला तर डायल निर्दोष आहे. उडालाच नाही तर तारा चुकीच्या स्क्रूवर गेल्यात. फिरवताना कानात शांत होतं म्हणजे रिसीव्हर बंद करणाऱ्या पट्ट्या तरी बरोबर जोडल्यात.

आमच्या जुन्या यांत्रिक स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये लाइनचं असं प्रत्येक तुटणं सिलेक्टरला, म्हणजे नंबर जोडणाऱ्या यंत्राला, एकेक पायरी वर चढवायचं. पाच वेळा लाइन तुटली की पाच पायऱ्या, खटखट ऐकू यायच्या. सेकंदाला दहा, हा वेग. तो आवाज अजून कानात आहे.

तार_आणि_डाग

काकांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण मला मूळ संशय डायलवर नाही. फायबर आल्याच्या आठवड्यात बंद पडलं, हेच उत्तर आहे. फायबरच्या बऱ्याच डब्यांना पल्स, म्हणजे डायलने लाइन तोडून पाठवलेले ठोके, कळतच नाहीत, फक्त बटणाच्या फोनचे टोन कळतात.

खात्री सोपी आहे. ज्या बटणाच्या फोनला बाजूला टी (टोन) आणि पी (पल्स) असा खटका असतो, तो कोणाकडून तरी आणा. टी वर नंबर लागला आणि पी वर नाही लागला, तर डबा बहिरा आहे. मग पल्सचे टोन करणारी छोटी पट्टी लागते. रोटाटोन फोनच्या आतच बसते, डायलगिझ्मो फोन आणि डब्याच्या मध्ये लावतात. वेगळं वीज कनेक्शन नको, लाइनवरच चालतात.

सातारची_लेक

काका, पट्टी होती. पांढरी, वजा चिन्हांची, आणि वर ५० व्होल्ट लिहिलेलं. जुना कंडेन्सर त्यांनी फोनच्याच खोक्यात ठेवला होता, तो परत लावला. बेल पूर्ववत.

मीटरचा काटा पाचदा उडाला. बटणाचा फोन काकूंकडून आणला: टी वर लागला, पी वर नाही. म्हणजे डायल पहिल्यापासून चांगलीच होती. आईचीच परत बसवली. नव्या डायलची स्प्रिंग ताठ होती, सांधे दुखतात म्हणत होती.

पट्टी मागवून बसवली. पण आता मोबाइलला लावताना मधेच 'नंबर अस्तित्वात नाही' येतं. मी फिरवला तर लागतो.

तार_आणि_डाग

आई थांबत थांबत फिरवतात ना? दोन आकड्यांमध्ये चार-पाच सेकंद गेले की डबा अर्धाच नंबर पुढे पाठवतो. २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लागतं, म्हणजे अकरा आकडे. लाइनवाल्यांना सांगून डब्यातली ती थांबायची वेळ वाढवून घ्या. दहा सेकंद करा.

सातारची_लेक

बारा करून घेतली. काल आईने कऱ्हाडच्या मावशीला स्वतः लावला. मी शेजारी बसून काहीच बोलले नाही. सातव्या आकड्याला थांबली, पहिल्यापासून पुटपुटत म्हणून बघितला, आणि पुढे फिरवला. लागला.

मावशी म्हणते आवाज बारीक येतो. हे काय असेल?

जुनी_एक्स्चेंज

बोलायच्या बाजूची जाळी फिरवून काढा. आतली चकती कार्बनच्या कणांची असते, ते वर्षानुवर्षं दबून घट्ट बसतात. चकती बाहेर काढून तळहातावर हलकेच थोपटा, चार-सहा वेळा. तेल, पाणी काही घालू नका.